सात जीपगाड्यांचा पंचनामा

‘जंगलातले थरारक अनुभव’ लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मी त्यांना कळवलं की माझ्या नोकरीत थरार थोडाफार होता, जंगल मात्र नव्हतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मी वनरक्षक म्हणून निम्मं आयुष्य काढलं. खात्याच्या नकाशावर माझी हद्द हिरव्या रंगाने रंगवलेली होती. जमिनीवर ती पिवळी होती. बोराटी, तरवड, हिवर आणि गुडघाभर कुसळी गवत. मी आणि माझी सायकल दोघंही एकाच वेळी सावलीत मावू, असं झाड शोधायला मला तीन वर्षं लागली.

काम सांगायला सोपं आहे. फिरायचं, बघायचं आणि लिहायचं. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. जे लिहिलं गेलं नाही ते सरकारच्या दृष्टीने घडलेलंच नसतं. माझ्या पिशवीत काठीपेक्षा कागद जास्त असत, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझे वडील शिक्षक होते. जळोचीच्या आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांचं कपाट होतं. कागदाचा धाक आणि कागदाचा फोलपणा, दोन्ही मी लहानपणीच पाहिले होते.

काम कसं असे त्याचा एक नमुना देतो. मोरगावच्या बाजूला एका मेंढपाळाच्या कळपात चिंकाऱ्याचं पाडस सापडलं. आई मेली म्हणून त्याने ते शेळीच्या दुधावर जगवलं होतं. ते ताब्यात घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, शेळीचं तिकीट काढलं का? मी म्हणालो, शेळी नाही, हरणाच्या जातीचं जनावर आहे. त्याने दरपत्रक वर-खाली पाहिलं, त्यात चिंकारा नव्हता. थोडा विचार करून त्याने पाडसाचं अर्धं तिकीट फाडलं, खिडकीजवळ जागा करून दिली आणि बारामतीपर्यंत दर थांब्यावर लोकांना सांगत राहिला की आत सरकारी पाहुणे आहेत. खात्याने त्या तिकिटाबद्दल माझ्याकडे दोनदा खुलासा मागितला. पाडसाबद्दल एकदाही नाही.

पण लिहायचं आहे ते पाण्याबद्दल. नव्वदच्या दशकात माझी बदली इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर झाली. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्याच्या शेवटी तिथे पाणी नजर पोचेल तिथवर असतं. पुढे कालवे सुटतात, शेतं पाणी पितात आणि काठ रोज थोडा थोडा मागे सरकतो. उन्हाळ्यापर्यंत मैल मैल जमीन उघडी पडते. बुडालेल्या गावांची जोती, विहिरींचे कठडे दिसू लागतात. त्या उघड्या जमिनीला गाळपेर म्हणतात. ज्यांची गावं धरणात गेली त्यांना ती हंगामापुरती पट्ट्याने मिळते. पाणी येईपर्यंत पीक काढायचं, पाणी आलं की जमीन धरणाला परत.

याच काठावर पुण्याहून जीपगाड्या येऊ लागल्या. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते अशा त्या गाड्या. रस्ता सोडून चालवण्यासाठीच घेतलेल्या. रविवारी सकाळी येत, काठाकाठाने धुरळा उडवत, पाण्यात चाकं घालून फोटो काढत. त्या लोकांनी जागेला ‘इंदापूरचा बीच’ असं नावही ठेवलं होतं.

काठावर मुरमाची एक लांब पट्टी पाण्यात शिरलेली होती. गाव तिला पाचर म्हणे. दोन्ही बाजूंना काळा गाळ आणि मध्ये ही टणक, सपाट जमीन. जीपवाल्यांना ती फार आवडे, कारण तिथे चाक रुतत नसे. नेमक्या त्याच कारणाने ती नदी सुरय या पक्ष्यालाही आवडे. पांढुरका, पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. तो घरटं म्हणून काही बांधत नाही. मुरमात टाचेएवढा खळगा, त्यात दोन-तीन अंडी, दगडांसारखीच दिसणारी. भर उन्हाळ्यात, सावलीचा पत्ता नसताना. त्यासाठी आई-बाप पाण्यावर उतरतात, पोटाची पिसं भिजवतात आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवतात. दिवसभर हेच. पक्षी भिऊन अर्धा तास वर राहिला, तर अंड्यावरून चाक जाण्याचीही गरज नसते. ऊनच काम करतं.

मी तिथे गेलो त्या पहिल्या उन्हाळ्यात मला हे काहीच माहीत नव्हतं. एका सोमवारी पाचरीवर गेलो तेव्हा चाकांच्या चाकोऱ्यांत अकरा घरटी मोजली. मोजली असं म्हणतो, पण डाग मोजले. पक्षी तरीही पाण्यावर जाऊन येत होते.

मी अहवाल लिहिला. साहेब म्हणजे आमचे वनक्षेत्रपाल. त्यांनी तो वर पाठवला आणि वर्षभराने वरून आदेश आला. आदेश बहुधा कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यासाठी केलेल्या कागदावरून उतरवलेला होता. ‘समुद्राच्या भरतीच्या रेषेच्या आत वाहने नेण्यास सक्त मनाई आहे.’ समुद्र तिथून दोन घाट आणि एक दिवस लांब. मी साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, आदेशात दुरुस्ती मागायची तर पुन्हा वर्ष जाईल, आहे तीच पाटी लाव. लोणी देवकरच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापून घेतला, पाटी रंगवली आणि काठावर रोवली. गावातली माणसं मला भरती कधी येणार असं विचारू लागली.

दुसऱ्या वर्षी मे महिना लागला तेव्हा पाचरीवर एक्केचाळीस घरटी होती. आणि त्याच महिन्यात, दहा दिवसांनी, पुण्याच्या एका क्लबची जीप रॅली तिथे व्हायची होती. बारा गाड्या, मांडव, प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी, नारळ. रॅलीचं घोषवाक्य होतं ‘निसर्ग वाचवा’.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, पाचर जिथे काठाला जुळते तिथे चर खणून वाट बंद करू. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. चराला मंजुरी नाही, मजूर नाहीत, आणि प्रमुख पाहुणे कोण आहेत हे तुला ठाऊक आहे. मग ते म्हणाले, “तू तुझं काम कर. मला सांगू नकोस.” माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त निवृत्तीपर्यंत पोचायचं होतं.

क्लबचे अध्यक्ष मार्ग आखायला आले होते. पन्नाशीचे कारखानदार, लष्करी छापाचे कपडे, गळ्यात शिट्टी, कमरेला होकायंत्र. इंदापूरला जायला होकायंत्र लागतं हे मला तेव्हा कळलं. मी आदेशाची प्रत दिली. त्यांनी ती मोठ्याने वाचून सोबतच्यांना ऐकवली. सगळे हसले. खरं सांगायचं तर हसण्यासारखीच होती.

“मित्रा,” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझा समुद्र दाखव, मी इथूनच मागे फिरतो.”

मी त्यांना अंड्यांबद्दल सांगितलं, ओल्या पोटाबद्दल सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि आम्ही काळजीपूर्वक चालवू, असं आश्वासन दिलं.

परत येताना तात्यांच्या वस्तीवर थांबलो. तात्या साठीचे, धरणात गाव गेलेले शेतकरी. पाचरीच्या मानेवरची, म्हणजे ती काठाला जुळते तिथली गाळपेर त्यांच्या पट्ट्यात होती. त्यांची दुसरी ओळख म्हणजे ट्रॅक्टर. मावळातल्या एका भातवाल्याकडून त्यांनी पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं आणली होती. ती चढवली की ट्रॅक्टर गाळात बोटीसारखा चाले. रविवारी एखादी जीप रुतली की तात्यांना बोलावणं येई, आणि ओढून काढण्याचे पैसेही मिळत. रुतण्याचं भय नव्हतं म्हणून लोक बेधडक गाडी घालत, आणि ते भय तात्यांनी काढलं होतं. हे मला त्या दिवशी त्यांच्या अंगणात बसल्यावर उमगलं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. गाळपेरीत उभ्या पिकातून कोणी गाडी नेत नाही. धरणग्रस्तांचं पीक तुडवलं तर तालुका पेटतो, आणि ते पुढाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. पण पीक निघालं की ती जमीन सगळ्यांची वाट होते. तात्यांनी मानेवरची काकडी नुकतीच काढली होती. म्हणजे पाचरीचं दार आता उघडं होतं.

मी म्हणालो, तात्या, पुन्हा पेरा.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी भरती आल्याची बातमी दिली होती. “मे म्हैन्यात? पाण्याखाली जाणारं पीक? आवो गार्ड, गाव मला येड्यात काढंल. पाखरांसाठी पेरलं म्हनून पोरंबाळं मागं लागतील.”

मी पुष्कळ सांगितलं. पाखरांना मत नाही, पण तुमच्या पिकाला आहे. पट्टा तुमचा, पेर तुमची, कायदा तुमच्या बाजूने. तात्या मान हलवत राहिले. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. गावात चेष्टेचा विषय होणं माझ्यापुरतं बदली झाली की संपणार होतं. त्यांना तिथेच राहायचं होतं.

तात्यांच्या पत्नी कमलाकाकू शेळ्यांना पाला टाकत होत्या.

“गेल्या साली मी शेळ्या घिऊन तितंच हुते,” त्या म्हणाल्या. “त्या पाखरानं फुटल्याल्या अंड्यावर वलं पोट टेकवलं. उठायचं, पान्यावर जायाचं, परत यिऊन टेकवायचं. दिस मावळंस्तवर. आन तुमी त्याच जीपा वढून काढल्या.”

तात्या उठून ट्रॅक्टरपाशी गेले. मग म्हणाले, “कडवळाचं बी हाय का घरात?”

कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी. पाणी येण्याआधी हिरवी कापून जनावरांना घालता येते. म्हणजे पीक अगदीच बुडणारं नव्हतं, हा युक्तिवाद तात्यांनी गावासाठी तयार ठेवला. दुसऱ्या सकाळी त्यांनी मान या कडेपासून त्या कडेपर्यंत खोल नांगरली. घरटी तिथून दोन फर्लांग आत होती, ऊन चढायच्या आत काम उरकलं, आणि उठलेले पक्षी लगेच परत बसले. बी फोकलं, डिझेल इंजिन लावून पाणी दिलं. गाव हसलं. कोणी विचारलं, तात्या, सुरयला कडवळ आवडतं का? तात्या म्हणाले, म्हशीला इचारून सांगतो. रॅलीच्या दिवसापर्यंत कडवळ चार बोटं वर आलं होतं. आयुष्यात मी ऊस पाहिला, द्राक्षं पाहिली, पण असं देखणं पीक पाहिलं नाही.

मी माझ्या बाजूने एक पत्र लिहिलं. मानेवर पट्टेदाराचं उभं पीक असून बाजूचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी खाली मऊ आहे, वाहने रुततील, सबब वाहने आणू नयेत. पत्र अध्यक्षांच्या हाती दिलं आणि पोच म्हणून सही घेतली. त्यांनी ती मोठी, वळणदार केली.

रॅलीचा रविवार. सकाळी साडेदहाला मांडवात नारळ फुटला. प्रमुख पाहुण्यांनी साहसी वृत्तीवर भाषण केलं, हिरवा झेंडा हलवला आणि मांडवात जाऊन बसले. बारा गाड्या निघाल्या आणि मानेपाशी येऊन थांबल्या. अध्यक्षांनी कडवळ पाहिलं, पट्ट्याची पावती घेऊन बांधावर बसलेल्या तात्यांना पाहिलं आणि मांडवाकडे नजर टाकली. पाहुणे ‘नको’ अशा अर्थी हात हलवत होते. धरणग्रस्तांच्या पिकावर गाडी घालून निवडणूक लढवता येत नाही.

इथे ते परत फिरले असते तर गोष्ट संपली असती. पण बारा गाड्या, बारा शिरस्त्राणं आणि एवढा नारळ फुटलेला. अध्यक्षांनी डावीकडे गाळाकडे बोट दाखवलं. वळसा घालून पाचरीवर चढायचं.

गाळाची एक खूण आहे. भेगांच्या कडा वर उचललेल्या असतील, तर तो खोलवर वाळलेला असतो. वरून गुळगुळीत आणि भेगा केसासारख्या असतील, तर ती फक्त साय. गावातल्या शेळ्यांनाही हे कळतं. त्या दिवशी साय होती. मी आडवा उभा राहिलो, शिट्टी वाजवली. पहिली जीप मला वळसा घालून गेली आणि तीस पावलांवर थांबली. चाकं फिरत होती, गाडी खाली जात होती. दुसरी तिला दाखवायला म्हणून थोडी उजवीकडून गेली. तिसरीने दोघांच्या चुका टाळल्या आणि स्वतःची केली. असं करत सात गाड्या आसापर्यंत बसल्या. उरलेल्या पाचांना तेवढ्या वेळात शहाणपण आलं.

पण माझं लक्ष आकाशाकडे होतं. इंजिनांच्या आवाजाने सगळे सुरय वर उठले होते, ओरडत फिरत होते. खाली एक्केचाळीस घरटी उन्हात उघडी. मी घड्याळ बघत होतो. सात मिनिटं. अकरा. रुतलेले लोक गाड्या काढण्यासाठी इंजिन आणखी जोरात पळवत होते. पाचर अजून शाबूत होती, पण आता चाकांची गरजच नव्हती.

मी बूट काढले, विजार गुडघ्यावर घेतली आणि गाळात उतरलो. प्रत्येक जीपपाशी जाऊन सांगितलं, वाहन जप्त आहे, इंजिन बंद करा. इतर दिवशी ते हसून निघून गेले असते. सायकलवरचा माणूस जीप जप्त कशी करणार? पण रुतलेली जीप पळत नाही. एकेक इंजिन बंद पडत गेलं. शेवटचं अध्यक्षांचं. बाविसाव्या मिनिटाला काठ शांत झाला. आणि मग एक पक्षी पाण्यावर उतरला, पोट भिजवून पाचरीवर गेला. त्याच्यामागून दुसरा. मी गाळात उभा होतो, हातात ओला कागद होता, आणि मला नोकरीत पहिल्यांदाच आपण वनरक्षक आहोत असं वाटलं.

अध्यक्षांनी तात्यांना हाक मारली. ट्रॅक्टर आणा, चला.

तात्या बांधावरून उठलेही नाहीत. “साखळी हाय, ट्रॅक्टर हाय, डिझेल हाय,” ते म्हणाले. “मन न्हाय.”

“म्हणजे?”

“ऊन उतरू द्या. आत्ता इंजिन लावलं की पाखरं पुन्यांदा उठत्यात. चार वाजता बगू. गार्डचा कागुद बी व्हायचाय.”

अध्यक्ष चिखलाने पोटरीपर्यंत काळे झाले होते. ते माझ्याकडे वळले. “तुम्ही आम्हाला मुद्दाम अडकवलंत.”

“साहेब, मी लेखी कळवलं होतं,” मी म्हणालो. “पोच तुमच्याच सहीची आहे.”

मग मी पंचनामा लिहिला. घाई नव्हती. पंच म्हणून कमलाकाकू आणि रॅलीला आलेला एक गारीगारवाला. काकूंनी आधी सगळा मजकूर वाचून घेतला आणि मग चौथीपर्यंतच्या अक्षरात सही केली. सात गाड्यांचे क्रमांक, चाकांची दिशा, गाळाची खोली, घरट्यांपासूनचं अंतर. भरतीच्या रेषेचा मी उल्लेख केला नाही. वन्यजीवांची अंडी धोक्यात आणल्याबद्दल एक साधं कलम पुरेसं होतं. प्रत्येक चालकाचा जबाब घेतला. मांडवात पुरी-भाजी होती, ती त्यांनी खाल्ली, आम्हालाही वाढली. भांडण म्हणाल तर एवढंच. दुपारी दोनच्या सुमारास अध्यक्षांनी माझी दुर्बीण मागितली आणि बराच वेळ पाचरीकडे बघत बसले. दुर्बीण परत देताना त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली होती.

प्रमुख पाहुण्यांना निघायला उशीर होत होता, पण वार्ताहर आले होते. तेव्हा त्यांनी दुसरं भाषण केलं. विषय पक्षी. पहिल्यापेक्षा बरं झालं.

चार वाजता तात्यांनी पिंजऱ्याची चाकं चढवली आणि एकेक गाडी मागच्या बाजूने, पाचरीपासून लांब ओढून काढली. साडेपाचला आमचे साहेब आले. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला. पुढे वर गेलेल्या अहवालात मी वाचलं की ही कारवाई वनक्षेत्रपालांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाखाली झाली. ते खरंच होतं. मला सांगू नकोस, हेच ते मार्गदर्शन.

गाड्या हमीवर सुटल्या. क्लबने काठावर वाहनं आणणार नाही असं लिहून दिलं आणि पाळलं. पुढच्या वर्षी त्यांनी रॅली दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तलावावर ठेवली. तिथल्या वनरक्षकाला मी पोस्टकार्ड टाकलं की कडवळाचं बी आधीच आणून ठेवावं. बाकीच्या जीपवाल्यांना तात्यांनी परस्पर कळवलं की पिंजऱ्याची चाकं मोडली आहेत. ती मी निवृत्त होईपर्यंत मोडलेलीच होती. त्या मिळकतीबद्दल तात्या माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि ती भरून देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. एवढी एक गोष्ट मनाला लागून राहिली.

जूनमध्ये तात्यांनी कडवळ कापलं. तोवर पाचरीवर पिल्लं पळत होती, मुरमाच्या रंगाची, थांबली की दिसेनाशी होणारी. मी रोज जात होतो, कारण आता शर्यत दुसरीच होती. वर सह्याद्रीत पाऊस लागला की फुगवटा चढतो, आणि पाचर सगळ्यांत आधी जाते. पिल्लांना त्याआधी उडायला हवं. कमलाकाकू रोज विचारत, किती उडाली? मी आकडा सांगे. एके दिवशी मी सांगितलं, काकू, आज मोजायला कोणी नव्हतं.

चारच दिवसांनी पाणी आलं. तात्या, काकू आणि मी काठावर उभे राहून बघत होतो. मान बुडाली, मग मुरूम बुडाला, मग टोक. त्या वर्षी पाचरीवर बुडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.